दोन फुटी टाकीसाठी सिक्लिड निवडताना

माशांच्या दुकानात ऑस्कर नावाचा सिक्लिड विकायला येतो तेव्हा जेमतेम दोन इंचांचा असतो. काळ्या अंगावर नारिंगी नक्षी, काचेवर बोट फिरवलं की बोटामागे येणारा, पुढे हातातून दाणे खायला शिकणारा. शेजारीच दोन फुटी टाकी मांडलेली असते आणि दुकानदार दोन्ही एकाच बिलात बसवून देतो. वर्ष-दीड वर्षात हा मासा दहा इंचांच्या आसपास जातो, पूर्ण वाढला की फूटभराचा होतो, आणि फूटभर रुंदीच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. वास्तूला चांगला म्हणून घेतलेल्या फ्लॉवरहॉर्नची तीच गत. मग "सिक्लिड फार भांडकुदळ बुवा, आपल्याला नाही जमत" असं म्हणत टाकी माळ्यावर जाते.

सिक्लिड हे माशांचं भलंमोठं कुटुंब आहे. नोंद झालेल्या जातीच दीड हजारांहून जास्त. आफ्रिकेतली मोठी सरोवरं, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या नद्या, मादागास्कर, आणि आपला पश्चिम किनारा, सगळीकडे ते आहेत. उजनीची चिलापी सिक्लिडच, गोव्याकडे ताटात येणारं काळुंदरही सिक्लिडच. यात फूटभराचे मासे आहेत तसे अंगठ्याच्या पेराएवढेही आहेत. लहान टाकीवाल्याने या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची.

सुरुवातीलाच एक हिशेब डोक्यात पक्का बसू द्या. सगळेच सिक्लिड कुठल्या ना कुठल्या प्रकारे अंड्यापिलांची राखण करतात आणि त्यासाठी बहुतेक जाती तळाचा एक तुकडा आपला म्हणून धरतात. तिथे दुसऱ्याने पाऊल टाकलं की मारामारी. ही हद्द केवढी, ते जातीवर ठरतं. शिंपल्यात राहणाऱ्या एखाद्या माशाला वीतभर जागा पुरते. पिलं असलेली क्रिबेन्सिसची जोडी दोन फुटी टाकीचा अख्खा तळ आपलाच समजते. टाकी केवढी हवी ते माशाच्या लांबीपेक्षा या हद्दीवर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे माझा सल्ला कंटाळवाणा आहे: दोन फुटी टाकीत सिक्लिडची एकच जात. एक जोडी किंवा एक वसाहत. दोन जाती "एकेक नग" करून ठेवायचा मोह आवरा.

आधी टाकी मोजा

आपल्याकडे टाकी फुटांत विकली जाते. २×१×१ फुटाची टाकी कागदावर ५६ लिटरची. वरचे दोन इंच रिकामे, खाली वाळू, आत दगड, असं सगळं वजा केलं की प्रत्यक्षात ४२ ते ४५ लिटर पाणी उरतं. औषधाचा डोस काय, हिटर किती वॅटचा, किती पाणी बदलायचं, हे सगळं या खऱ्या आकड्यावर ठरवायचं. दुकानाच्या पावतीवरच्या नाही.

लिटर मोजून झाले की तळ बघा. सिक्लिडला उंचीचा फारसा उपयोग नसतो. दीड फूट उंच पण फूटभरच लांब असलेली देखणी टाकी आणि दोन फूट लांब, फूटभर उंच टाकी यात दुसरीच घ्यावी. एक फुटी चौकोनी टाकीत शिंपल्यातले मासे कसेबसे जमतात, बाकी कोणी नाही. काचेचा गोल बाऊल असेल तर हा लेख इथेच सोडून द्या.

एंजल फिश हा सिक्लिड अपवाद, त्याला खरोखर उंची लागते. वरच्या-खालच्या परांसकट तो वीतभर उंच होतो, आणि फूटभर पाण्यात त्याचे पर वाकडे वाढतात. तो तीन फुटी, दीड फूट उंच टाकीचा मासा आहे, आपल्या यादीतून बाद.

नळाला काय येतं ते बघा

मासे निवडायची ही सर्वात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. इंटरनेटवर फोटो बघून मासा ठरवला जातो आणि मग त्याच्यासाठी पाणी "बनवायची" धडपड सुरू होते. उलटं करा. घरात जे पाणी येतं त्यात सुखाने राहील असा मासा शोधा.

मुंबईला महापालिकेचं पाणी येतं ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, तलावांत साठवलेलं. ते बऱ्यापैकी मऊ असतं. पुण्यातलं धरणाचं पाणीही तसंच. पण त्याच पुण्यात उपनगरातल्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं असतं, टँकरचं असतं, आणि तिथे हिशेब पार बदलतो. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेलं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही: या तीन खुणा घरात दिसत असतील तर मीटर न लावताही पाणी जड आहे हे समजायला हरकत नाही.

तरी तपासणीचे थेंबवाले संच आणून तीन गोष्टी मोजा: पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी), एकूण कठीणपणा (पाणी किती जड) आणि कार्बोनेट कठीणपणा (पीएच स्थिर धरणारा भाग). टीडीएस मीटर स्वस्त आहे आणि तुलनेसाठी कामाचा आहे, पण तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, फक्त चुनखडी नाही. टीडीएस ६०० दिसला म्हणून ते आफ्रिकन माशांना आपोआप मानवेल असं नाही. त्यात मीठही असू शकतं. पाणी दोनदा मोजावं, एकदा नळातून घेतल्या घेतल्या आणि एकदा बादलीत चोवीस तास ठेवून. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच चढतो, आणि टाकीत टिकणार आहे तो हाच दुसरा आकडा. उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी बदलत असेल तर मे महिन्यात पुन्हा मोजा.

आता निवड सोपी होते. मऊ पाणी, पीएच ७ च्या आसपास किंवा खाली: रॅम, अपिस्टोग्रामा, क्रिबेन्सिस. मध्यम पाणी: क्रिबेन्सिस, बोलिव्हियन रॅम, अपिस्टोग्रामा ककाटुओइडिस. जड पाणी, पीएच ८ च्या वर: टांगानिका सरोवरातले शिंपल्यात राहणारे मासे.

पाणी थोडंफार वळवता येतं. मऊ पाण्याच्या घरात शिंपलेवाले मासे हवेच असतील तर फिल्टरमध्ये कोरल चुऱ्याची पुरचुंडी ठेवा. कठीणपणा हळूहळू चढतो आणि टिकतो. जड पाण्यात रॅम हवे असतील तर आरओचं पाणी मिसळावं लागतं, आणि ते दर आठवड्याला, कायम. तेवढा उत्साह वर्षभर टिकेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बाटलीतलं "पीएच कमी करणारं" औषध मात्र आणू नका. जड पाण्यात ते ओतलं की पीएच खाली येतो, दोन दिवसांत परत चढतो, आणि या झोक्यानेच मासे मरतात. आफ्रिकन माशांना स्वयंपाकाचं मीठ टाका असंही कुणीतरी सांगेल. टांगानिका हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे. मिठाने कठीणपणा वाढत नाही.

ऊन, थंडी आणि गेलेली वीज

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३२-३३ अंशांवर जातं. रॅमचं मूळ घर म्हणजे व्हेनेझुएला-कोलंबियातली ओरिनोकोच्या खोऱ्यातली गवताळ सपाटी. त्याला २७ ते ३० अंश मुळात आवडतातच, त्यामुळे तो यातून तरतो. टांगानिकाचे मासे २४ ते २७ ला खूष असतात, बोलिव्हियन रॅम २३ ते २६ ला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप रात्रीही चालू हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला तर कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. दमट मुंबईत मात्र पंख्याचा फार उपयोग होत नाही, बाष्पीभवनच मंद. पंखा लावल्यावर जे पाणी उडतं ते शुद्ध पाणी असतं, क्षार मागे उरतात. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने घाला. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान खाली-वर नाचतं.

नाशिक-पुण्याची डिसेंबरातली पहाट दहा अंशांच्या आसपास येते, तिथे ५० वॅटचा हिटर लागतोच. सोबत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण स्वस्त हिटर बिघडतात ते बहुधा चालू अवस्थेत. मुंबई-कोकणात हिटर लागला तर रॅमसाठी, तोही थंडीत. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा आणि स्पंज फिल्टर त्याला जोडा.

पहिली पसंती: शिंपल्यातले मल्टी

निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. छंदवाले नुसतं "मल्टी" म्हणतात. नर चार-साडेचार सेमी, मादी तीन-साडेतीन. जगातल्या सर्वात लहान सिक्लिडपैकी एक. टांगानिका सरोवराच्या तळावर निओथॉमा नावाच्या गोगलगायींच्या रिकाम्या शिंपल्यांचे गालिचे पसरलेले आहेत. तिथे मल्टींच्या वसाहती असतात. धोका दिसला की शिंपल्यात, वीण शिंपल्यात, पिलं शिंपल्यात. मोठी झालेली पिलं आईबापांच्या वस्तीतच राहतात आणि पुढची पिलं जन्माला येतात, त्यामुळे एकाच टाकीत तीन पिढ्या एकमेकांना न खाता नांदताना दिसतात. सिक्लिडमध्ये ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती ४५ लिटरमध्ये बघायला मिळते.

या माशांना वाळू हवी, पाच सेमी जाडीची. टाकी लावल्यावर तुम्ही शिंपले छान मांडाल आणि सकाळी उठून बघाल तर सगळं उलटंपालटं. हा एवढासा मासा तोंडात वाळू भरतो, शरीराएवढं अंतर मागे सरकतो, फुर्रकन थुंकतो, परत येतो. तासभर हेच. शिंपल्याभोवती खड्डा होतो, शिंपला तोंड वर करून खाली बसतो, मग तोंडाशी वाळूचा कठडा. पुन्हा हात घालून नीटनेटकं करू नका, ते घर त्याने बांधलेलं आहे. या खोदकामामुळे मुळांची झाडं टिकत नाहीत. दगडाला बांधलेली अनुबियास किंवा जावा फर्न चालते.

शिंपले माशांच्या संख्येच्या किमान दुप्पट हवेत. भाताच्या खाचरात सापडणाऱ्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शिंपले उत्तम. तोंड दोन-अडीच सेमीचं हवं. समुद्रकिनाऱ्यावरचे गोल पोटाचे साधे शिंपलेही चालतात, पाणी जड लागणाऱ्या माशांना त्यातून सुटणारं कॅल्शियम उलट उपयोगीच. फक्त टोकदार, आतून अरुंद होत जाणारे टाळा, मासा आत अडकतो. आत जीव नाही याची खात्री करा, दहा-पंधरा मिनिटं उकळा, आतलं कुजकं झटकून काढा, पुन्हा उकळा. वास राहिला तर टाकीत घालू नका.

सहा-आठ लहान मासे आणा. नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत, आणि ओळखायची गरजही नाही. पहिले दोन महिने ते लाजतात, नंतर तुमचा हातही त्यांना घुसखोर वाटतो आणि एवढासा जीव हाताला टोचा मारतो. सोबतीला दुसरा कुठलाही मासा नको. टाकी भरलेलीच वाटेल, थोडा धीर धरा.

एक अडचण खरी आहे: हे मासे आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. मोठ्या शहरातल्या निवडक विक्रेत्यांकडे किंवा घरी वीण घेणाऱ्या छंदवाल्यांकडे चौकशी करावी लागते. घरगुती विणीचे मिळाले तर तेच घ्या.

दुसरी: क्रिबेन्सिस

दुकानात सहज मिळणारा, खिशाला परवडणारा आणि नवशिक्याला सांभाळून घेणारा सिक्लिड हवा असेल तर क्रिबेन्सिस, म्हणजे पेल्विकाक्रोमिस पल्चर. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीकडच्या ओढ्यानद्यांतला. नर दहा सेमीपर्यंत, मादी सात. इथे मादी जास्त देखणी: आखूड, गोल, आणि पोटावर पिकलेल्या जांभळाचा लालसर-जांभळा डाग. नर लांबट, शेपूट मधोमध टोकाची. दुकानात सगळे फिक्कट दिसतील, त्यावर जाऊ नका. काळ्या वाळूवर महिनाभर राहिले की रंग येतो.

त्याला गुहा लागते, आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट फार कामी येते: संक्रांतीची सुगडं. कच्च्या लाल मातीची, रंग किंवा झिलई नसलेली दोन सुगडं आणा, दोन दिवस पाणी बदलत भिजवा, काठाला पक्कडीने जपून टवका काढा आणि उपडी ठेवा. मासा जेमतेम घुसेल एवढंच भोक हवं. मोठं दार दिलंत तर मादी वाळूने ते बुजवत बसते. नारळाची करवंटीही चालते. तासभर उकळून, आतलं खोबरं खरवडून. एक सुगड टाकीच्या डाव्या टोकाला, दुसरं उजव्या. जोडीचं बिनसलं तर हरलेल्याला दुसरं टोक हवं.

अंडी छताला चिकटवलेली असतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. मादी आतच बसून राहते, नर बाहेर गस्त घालतो, तेव्हा समजायचं. सात-आठ दिवसांनी ती पिलांचा ढग घेऊन बाहेर येते. आता निरखून बघा: काचेजवळ तुमची सावली पडली की आई अंग झटकन थरथरवते, आणि पन्नास पिलं एका क्षणात वाळूवर बसतात, निपचित. धोका गेला की पुन्हा उठतात. हे बघायला क्रिबेन्सिस पाळावा, असं मी कुणालाही सांगेन.

पिलं असताना ही जोडी टाकीतल्या इतर माशांना कोपऱ्यात दाबते. तळाला राहणारे कोरिडोरास सोबत ठेवू नका. त्यांना हद्द कळत नाही, ते सरळ चालत जातात आणि मार खातात. गप्पीचे लांब पर कुरतडले जातात. झेब्रा डॅनिओ सात-आठ, वरच्या थरात वेगाने फिरणारे, हे त्यातल्या त्यात बरे. आणखी एक गंमत: पिलांत नर किती, मादी किती हे पाण्याच्या पीएचवर कलतं, आम्ल पाण्यात नर जास्त निघतात. सलग दोन विणींत नरच नर आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

रॅम, आणि त्याचा कमी चमकणारा भाऊ

रॅमच्या (मायक्रोजिओफॅगस रामिरेझी) प्रेमात पडणं सोपं आहे. पाच सेमीचा, निळे ठिपके, पिवळा चेहरा, डोळ्यावरून काळी रेघ. लोक याच्यापासून सुरुवात करतात आणि महिन्याभरात मासा मरतो. मासा नाजूक आहे, त्यात पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी वाढवलेला, लांबून प्रवास करून आलेला. नव्या टाकीत तो टिकत नाही. टाकी चालू होऊन तीन-चार महिने झाले असतील, पाणी मऊ असेल, तापमान २७-२८ राहत असेल, तर आणा. आयुष्य मुळातच दोन-तीन वर्षांचं.

मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या डागात निळे ठिपके असतात. नराच्या पाठीच्या परातला दुसरा काटा लांब. इलेक्ट्रिक ब्लू प्रकारात डागच नसल्याने हे ओळखणं कठीण जातं. फुग्यासारखे गोल "बलून रॅम" घेऊ नका. वाकडा कणा ही काही शोभा नव्हे.

कार्डिनल टेट्रा किंवा एम्बर टेट्रा सोबत छान दिसतात. निऑन टेट्राला थोडं गार पाणी आवडतं, त्यामुळे रॅमशी त्याचं तापमानावरून जमत नाही.

बोलिव्हियन रॅम थोडा मोठा, सात-आठ सेमी, रंगाने सौम्य, पण कितीतरी चिवट. मध्यम कठीण पाणी चालतं, जगतो जास्त. दुकानात तो फिका दिसतो म्हणून कुणी घेत नाही. दोन फुटी टाकीत एकटा ठेवला तरी रमतो, आणि ज्यांना वीण नको, फक्त टाकीत फिरणारा एक हुशार मासा हवा, त्यांच्यासाठी माझं मत यालाच. फक्त उन्हाळ्यात पाणी तापणाऱ्या घरात विचार करून घ्या.

अपिस्टोग्रामामध्ये सुरुवातीला ककाटुओइडिस. एक नर, दोन माद्या, प्रत्येक मादीला वेगळी गुहा आणि दोघींच्या मधोमध नजर अडवणारं लाकूड. दोन फुटांत दोन माद्यांचं जमेनासं झालं तर एकीवर यावं लागतं. वीण असताना पिवळीधमक झालेली मादी नरालाही हाकलते.

घरचा पर्याय, आणि कोण नको

ऑरेंज क्रोमाइड, स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस, हा आपल्याच दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्या-नद्यांतला सिक्लिड. आठ सेमी, हळदीसारखा पिवळा. काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडीही. पिलं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर चरतात. त्याला जोडीपेक्षा पाच-सहांचा घोळका मानवतो, म्हणून टाकी अडीच-तीन फुटांची हवी. दोन फुटांत बसवू नका, पण पुढे टाकी वाढवलीत तर पहिला विचार याचा करा.

कॉन्व्हिक्ट दोन फुटी टाकीत जगतो आणि अंडीही घालतो, अडचण तीच आहे: शेकडो पिलं, आणि त्यांच्यापायी टाकीतल्या बाकी सगळ्यांचा निकाल. यलो लॅब आणि मलावीचे इतर रंगीत मासे स्वस्तात मिळतात, लहानपणी गोंडस दिसतात. ते घोळक्याने, तीन-चार फुटी टाकीत ठेवायचे. डिस्कसचं नावही नको.

टाकी आधी, मासे शेवटी

वाळू बारीक आणि गोल कणांची घ्या. बांधकामावर हल्ली मिळते ती क्रश सँड, दगड भरडून केलेली. तिचे कण टोकदार असतात, आणि हे मासे दिवसभर वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात. नदीची जुनी वाळू असेल तर चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. निळे-गुलाबी खडे नकोत.

रॅम, क्रिबेन्सिस, अपिस्टो यांच्या टाकीत देशी बदामाची पानं घाला. मुंबईत रस्तोरस्ती ही झाडं आहेत. आपोआप गळलेली, लालतपकिरी, पूर्ण वाळलेली पानं, फवारणी होत नसलेल्या ठिकाणची, धुऊन. पाणी चहाच्या रंगाचं होतं, तेच त्यांना हवं असतं. मल्टीच्या टाकीत पानं नकोत.

स्पंज फिल्टर पुरतो आणि तो पिलांना ओढून घेत नाही. मासे नसताना टाकी चार ते सहा आठवडे चालवायची. रोज चिमूटभर खाद्य टाका; ते कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा नाही. मल्टीवाल्यांनी तर अजिबात घाई करू नये, कारण पीएच चढला की तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय ते टाकीत ओतायचं नाही. स्पंजही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

दुकानात

माल आला त्याच दिवशी मासे घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या. "जरा खायला टाका" म्हणा. पुढे येऊन खाणारा मासा घ्यायचा. कोपऱ्यात काळवंडून बसलेला, पर मिटलेला, पोट आत गेलेला, भराभर श्वास घेणारा किंवा मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा असेल तर तो एकच नव्हे, त्या टाकीतला कुठलाच मासा घेऊ नये. दोन मासे एकाच कोपऱ्यात थांबून इतरांना हुसकावत असतील तर ती बहुधा जमलेली जोडी. मागून घ्या ती. नाहीतर पाच-सहा लहान मासे घ्यावे लागतात आणि जोडी जमल्यावर बाकीचे परत करावे लागतात. दुकानदार परत घेईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

दुकानातल्या पाण्याचा टीडीएस मीटरने बघा. आपल्या पाण्याशी मोठा फरक असेल तर मासे बादलीत काढून टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत तास-दीड तास घालवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून.

पहिले महिने

खाद्य बारीक दाण्यांचं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढं. दुकानात वाटीत वळवळणारा जिवंत ट्युबिफेक्स किडा बहुतेक गटाराच्या गाळातला असतो, तो आणू नका. गोठवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) बरा. पिलांसाठी आर्टेमियाची अंडी बाटलीत मिठाच्या पाण्यात, हवा सोडत उबवायची. दीड दिवसात खाद्य तयार. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, मल्टींच्या टाकीत त्याहून थोडं कमी.

जोडीत थोडी धावपळ चालायचीच. मात्र एक मासा सतत पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, हिटरमागे उभा दिसला, पर फाटलेले दिसले, खायलाही खाली येईना, तर त्याच दिवशी मध्ये जाळी टाका. उद्या बघू म्हटलं तर उद्या मासा नसतो. आठवड्याने जाळी काढताना आधी दगड-सुगडांच्या जागा बदला, म्हणजे जुनी हद्द मोडते आणि दोघे नव्याने सुरुवात करतात. पुन्हा तेच झालं तर ती जोडी नाही, एकाला दुसरं घर शोधा.

पिलं जास्त होणारच. दोन सेमीची झाली की दुकानदार घेतो, छंदवाले घेतात. कुणी नाही घेतली तर पुढच्या विणीची अंडी काढून टाका, म्हणजे सुगड उचलून धुवायचं, एवढंच. नदीत, तळ्यात, विसर्जनाच्या हौदात एकही सोडू नका. १९५२ च्या सुमारास भारतात आणलेली चिलापी आज धरणाधरणांत आहे, आणि ती परत काढणं कुणाला जमलेलं नाही.